'चावट' म्हणून हिणवलेले जुने विनोदी सिनेमे पुन्हा स्वच्छ कसे होतात? व्हिनेगरचा वास, दादा कोंडके आणि माळ्यावरची कॅसेट

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं विंचूर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक कांदा आणि दुसरा वाइन पार्क. कांदा बंद खोलीत कोंडून ठेवला तर सडतो, म्हणून चाळीत वारा खेळता ठेवतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. वाइनची बाटली उघडी राहिली तर तिचं हळूहळू व्हिनेगर होतं, हे वाइन पार्कमध्ये काम करणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या सिनेमाच्या रिळांना होणारा सगळ्यात मोठा आजार या दोन्ही गोष्टींसारखाच आहे. रीळ बंद डब्यात, उकाड्यात पडून राहिलं की ते आतून कुजायला लागतं आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो. या आजाराचं नावच 'व्हिनेगर सिंड्रोम' आहे. अमेरिकेत याच नावाची एक कंपनीही आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी जुने, स्वस्तातले, 'फक्त प्रौढांसाठी' असलेले आणि प्रतिष्ठित संग्रहालयांनी कधी हात न लावलेले सिनेमे शोधते, दुरुस्त करते आणि घरी बघण्यासाठी ब्लू-रे डिस्कवर विकते.

अशा सिनेमांवर कुणी एवढी मेहनत का घ्यावी? ती मेहनत नेमकी काय असते? आणि मराठीत ज्यांच्या सिनेमांना 'चावट' म्हणून नाकं मुरडली गेली, पण ज्यांच्या खेळांना थिएटरं ओसंडून वाहायची, त्या दादा कोंडकेंच्या चित्रपटांशी याचा काय संबंध? समजून घेऊया.

'सॉफ्टकोअर अँथॉलॉजी कॉमेडी' म्हणजे काय?

नाव लांबलचक असलं तरी प्रकार सोपा आहे. अँथॉलॉजी म्हणजे एका सिनेमात अनेक छोट्या गोष्टी. कॉमेडी म्हणजे विनोद. सॉफ्टकोअर म्हणजे ज्यात अंगप्रदर्शन आणि शृंगाराची सूचना असते, पण प्रत्यक्ष संभोगाचं चित्रण नसतं. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत सेन्सॉरचे नियम सैल होत गेले आणि अशा सिनेमांचं पेव फुटलं.

त्यातले सगळेच टाकाऊ नव्हते. १९६२ चा इटालियन 'बोकाचिओ ७०' हा चार प्रेमकथांचा चावट सिनेमा मोनिचेली, फेलिनी, व्हिस्कोंती आणि दे सिका अशा चार मोठ्या दिग्दर्शकांनी मिळून केला होता. १९७२ मध्ये वुडी अॅलन यांनी लैंगिक शंकासमाधानाच्या एका गाजलेल्या पुस्तकाची सात तुकड्यांत टर उडवणारा सिनेमा काढला. बाकी शेकडो सिनेमे मात्र कमी पैशांत, घाईघाईत बनले. काही आठवडे चालले आणि विसरले गेले.

मराठीत असा सॉफ्टकोअर सिनेमा रुजला नाही. पण छोट्या छोट्या तुकड्यांतून चावट विनोद करण्याची परंपरा आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. तमाशात गण झाला, गवळण झाली की बतावणी येते. बतावणी म्हणजे सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा, अर्धी सरळ आणि अर्धी आडवळणाची. पुढे वग सुरू होतो, पण लोक हसतात ते बतावणीला. हीच बतावणी पडद्यावर आणली दादा कोंडके यांनी.

दादा कोंडके या चर्चेत कुठे बसतात?

वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यामुळे दादा घराघरांत पोहोचले. १९६९ मध्ये भालजी पेंढारकर यांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले. १९७१ मध्ये त्यांनी स्वतः निर्मिती केलेला 'सोंगाड्या' आला आणि मराठी सिनेमाचं गणित बदललं. दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या'ला जागा मिळावी म्हणून शिवसेनेने केलेलं आंदोलन आजही सांगितलं जातं. त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' अशी रांगच लागली. त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे पंचवीस आठवडे चाललेले ठरले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

दादांचे सिनेमे सॉफ्टकोअर नव्हते. त्यांत दाखवण्यापेक्षा बोलण्यावर भर होता. वाक्याचा एक अर्थ सरळ आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या मनातला. पण पाश्चात्त्य सॉफ्टकोअर विनोदी सिनेमांशी त्यांचं एक साम्य नक्की आहे. गर्दी दोघांनाही मिळाली आणि आदर दोघांनाही मिळाला नाही. जतनाच्या यादीत कुणाचा नंबर आधी लागणार, हे बऱ्याचदा या आदरावरच ठरतं.

सिनेमा कुजतो म्हणजे नेमकं काय होतं?

सिनेमाची पट्टी म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक फीत आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. चित्र या थरात असतं.

सुरुवातीची फीत नायट्रेटची होती. ती भडकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला मोठा ठेवा जळून गेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट बंद होऊन अॅसिटेटची फीत सर्वत्र आली. ती सहजासहजी पेटत नाही, म्हणून तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. 'सोंगाड्या'च्या काळातले सिनेमे याच अॅसिटेटच्या जमान्यातले.

अॅसिटेट सहजासहजी पेटत नाही, पण कुजतं. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्यातून अॅसिटिक आम्ल सुटायला लागतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. डबा घट्ट बंद असेल तर ते आतच कोंडतं आणि कुजण्याचा वेग आणखी वाढवतं. एका रिळातून सुटलेली वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. ढिगातला एक सडका कांदा बाजूच्या कांद्यांना नासवतो, तसंच. फीत आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते आणि शेवटी तिच्यावरचा चित्राचा थर सुटून येतो.

साधारण २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या अॅसिटेट फितीत हा आजार सुरू व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, असा अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटचा अभ्यास सांगतो. आपल्याकडे पत्र्याच्या छताखालच्या गोदामात एप्रिल-मे महिन्यात पारा कुठे जातो, हे निफाड-येवल्याकडच्या माणसाला सांगायला नको. तिथे ही मुदत कितीतरी आधी संपते. आणि १९७१ च्या सिनेमाला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली आहेत. म्हणजे वेळ फारसा उरलेला नाही.

दुसरा आजार रंगांचा. १९५० ते १९८० च्या दरम्यानच्या बहुतेक रंगीत प्रिंटमध्ये निळसर छटा देणारा रंग सगळ्यात आधी उडतो. मग आकाश, झाडं, नऊवारी साडी, सगळंच गुलाबी-लालसर दिसायला लागतं. जुना सिनेमा टीव्हीवर तांबूस दिसतो, तो बऱ्याचदा यामुळे.

तिसरा आजार वापराचा. टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जत्रेच्या धुळीत एकच प्रिंट शेकडो वेळा चालायची. फीत तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून पुन्हा जोडायचा. अशा प्रत्येक जोडात सिनेमातला एक क्षण कायमचा जायचा. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावाल्यांची शेवटची वर्षं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात बघायला मिळतात.

मग दुरुस्ती कुठून सुरू होते?

संगणकापासून नाही, शोधापासून.

एका सिनेमाची अनेक रूपं असतात. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेल्या मधल्या प्रती, थिएटरसाठीच्या प्रिंट आणि आवाजाची वेगळी निगेटिव्ह. मूळ निगेटिव्ह सगळ्यात मोलाची, कारण प्रत्येक नकलेत थोडा तपशील कमी होत जातो. पण ती मिळेलच असं नाही. प्रयोगशाळा बंद पडतात, निर्माते कर्जात बुडतात, वारस भांडतात. जुन्या फितींमधली चांदी काढून घेण्यासाठी आपल्याकडे असंख्य सिनेमे भंगारात गेले. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आज कुठेच उपलब्ध नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले तिसाहून कमी उरले आहेत.

मिळालेलं रीळ आधी हाताने तपासतात. कडेची भोकं फाटली आहेत का, फीत किती आकसली आहे, जोड सुटले आहेत का, हे बघतात. साधारण एक टक्का आकसलेली फीतही नेहमीच्या यंत्रात चालवणं धोक्याचं होतं. मग जोड नव्याने लावतात, फीत धुतात आणि त्यानंतरच ती स्कॅनरवर चढते.

स्कॅनर प्रत्येक चौकटीचा स्वतंत्र फोटो काढतो. दोन तासांच्या सिनेमात सेकंदाला २४ याप्रमाणे १,७२,८०० चौकटी असतात. फितीची लांबी होते सुमारे ३.३ किलोमीटर. पूर्ण ४के दर्जात एका चौकटीची फाइल सुमारे ५० मेगाबाइटची असते. म्हणजे एक सिनेमा ९ टेराबाइटच्या जवळ जातो. फितीवर बारीक ओरखडे असतील तर ती खास द्रवात बुडवून स्कॅन करतात. द्रव ओरखड्याच्या खाचेत भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो.

यानंतर संगणकाचं काम. हलणारं चित्र स्थिर करणं, धूळ आणि डाग काढणं, लुकलुक थांबवणं, उडालेला रंग परत आणणं. बरंच काम सॉफ्टवेअर करतं, पण शेवटची नजर माणसाचीच लागते. सॉफ्टवेअरला पडणारा पाऊस आणि धूळ यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. प्रत्येक चौकटीला फक्त दहा सेकंद द्यायचे म्हटले तरी एका माणसाचे ४८० तास जातात. दिवसाला आठ तास धरले तर साठ दिवस.

चावट विनोदात आवाज का महत्त्वाचा?

सॉफ्टकोअर सिनेमाचा प्रेक्षक चित्रासाठी येतो, असं मानलं जातं. दादांच्या सिनेमात मात्र सगळा खेळ कानाचा. द्वयर्थी विनोद एखाद्या अक्षरावरच्या जोरावर, शब्दाआधीच्या अर्ध्या सेकंदाच्या थांब्यावर उभा असतो. तो थांबा गेला की उरतं ते साधं वाक्य.

जुन्या सिनेमाचा आवाज फितीच्या कडेला एका बारीक पट्टीत छापलेला असतो. तिच्यावर धूळ बसली की खरखर येते. ही खरखर काढताना संगणकाला जास्त सूट दिली, तर 'स', 'श', 'फ' यांसारखे अक्षरांचे बारीक आवाज खरखरीसोबतच पुसले जातात. बोलणं स्वच्छ होतं, पण बोथट होतं. म्हणून चांगला आवाज-दुरुस्तीकार थोडी खरखर मुद्दाम ठेवतो.

चित्राचंही तसंच. जुन्या फितीवर बारीक रवाळपणा असतो, तो चित्राचा भाग आहे. तो पूर्ण घासून काढला तर चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे दिसतात. हल्ली अनेक जुने सिनेमे कृत्रिम बुद्धिमत्तेने 'एचडी' करून इंटरनेटवर टाकले जातात. त्यात हा दोष सहज दिसतो. नसलेला तपशील संगणक अंदाजाने रंगवतो. त्याला सुशोभीकरण म्हणता येईल, जतन नव्हे.

कापलेली दृश्यं परत आणायची का?

इथे प्रश्न तंत्राचा राहत नाही, निवडीचा होतो.

'बोकाचिओ ७०' मधली मोनिचेली यांची गोष्ट लांबीच्या कारणाने परदेशातल्या प्रतींतून वगळली गेली होती. त्याच्या निषेधार्थ बाकीच्या तिन्ही दिग्दर्शकांनी कान महोत्सवाकडे पाठ फिरवली. अनेक वर्षांनी डीव्हीडी आणि ब्लू-रेवर चौथी गोष्ट परत आली आणि परदेशी प्रेक्षकांना सिनेमा पहिल्यांदा पूर्ण बघता आला. तुकड्या-तुकड्यांच्या सिनेमाचा हा खास धोका आहे. एक अख्खी गोष्ट काढून टाकली तरी उरलेला सिनेमा चालतो, त्यामुळे काही हरवलंय हे कळतही नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण 'शोले'चं. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे त्याचा शेवट बदलावा लागला होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या दुरुस्तीत मूळ शेवट परत आला आणि २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे तो दाखवला गेला. या कामातही मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने खराब झालेली होती. इतर जुन्या प्रतींच्या आधारे सिनेमा उभा करावा लागला.

सेन्सॉर प्रमाणपत्र इथे एक उपयोगी कागद ठरतो. त्यावर सिनेमाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असते, कापलेल्या भागांची यादीही असते. हाती आलेली रिळं मोजली की किती कमी पडतंय, हे लगेच समजतं. दादांचे सेन्सॉरशी सतत खटके उडत. त्यामुळे त्यांच्या सिनेमांचा अभ्यास करणाऱ्यासाठी ही यादी म्हणजे त्या काळात काय अश्लील मानलं जात होतं, याचा दस्तऐवजच.

याची उलट बाजूही आहे. प्रौढांच्या सिनेमात काही थिएटरवाले दुसऱ्याच सिनेमातले उत्तान तुकडे मध्येच घुसवायचे. दक्षिणेतल्या सिनेमांच्या बाबतीत या 'बिट'ची बरीच चर्चा झाली आहे. मूळ सिनेमात काम करणाऱ्या अभिनेत्रीला याचा पत्ताही नसायचा, पण बदनामी तिची व्हायची. दुरुस्ती करताना असा तुकडा सापडला तर तो सिनेमाचा भाग नाही. तो बाहेर ठेवणं हेच प्रामाणिक काम. दिग्दर्शकाने चित्रित केलेलं आणि नंतर कापलं गेलेलं परत आणणं वेगळं. कुणीतरी चोरून चिकटवलेलं जपणं वेगळं.

आणि आज ऐकताना खटकणारे विनोद? बायकांवरचे, जातीवरचे, शरीरावरचे विनोद जुन्या सिनेमात सर्रास सापडतात. ते कापून टाकले तर पुढच्या पिढीला वाटेल की आपण पहिल्यापासून सभ्यच होतो. बाहेरचे जबाबदार वितरक असा सिनेमा पूर्ण ठेवतात आणि सोबत पार्श्वभूमी सांगणारी टीप किंवा मुलाखत देतात.

कायदा काय सांगतो?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९७१ च्या 'सोंगाड्या'चा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. तोवर हक्कधारकाच्या परवानगीशिवाय कुणी दुरुस्त करून विकू शकत नाही. गंमत अशी की हक्क संपेपर्यंत फीत टिकेलच असं नाही. कागदावरचा हक्क शाबूत आणि डब्यातलं रीळ मातीमोल, ही परिस्थिती जगभर दिसते.

कॉपीराइट कायद्याच्या ५२-अ कलमानुसार विक्रीच्या व्हिडिओ प्रतीवर सेन्सॉर प्रमाणपत्र आणि निर्मात्याची माहिती असावी लागते. अश्लील मजकूर विकण्याविरुद्धचे फौजदारी कायदे वेगळे आहेत. त्यामुळे पाश्चात्त्य सॉफ्टकोअर सिनेमांच्या डिस्क तिकडे दुकानात मिळतात, तशा इथे सहज निघू शकत नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉर प्रमाणपत्राची मुदत मात्र कायमस्वरूपी झाली आहे.

घरी बघण्याच्या प्रतीचा प्रवास कसा झाला?

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर पसरला. गावोगावी भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन-चार सिनेमे बघणारी पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे. मग व्हीसीडी आली. सिनेमा दोन चकत्यांत मावायचा आणि मध्यंतराला चकती बदलावी लागायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. सिनेमा पानटपरीजवळच्या दुकानापर्यंत पोहोचला. पुढे इंटरनेट आलं, चकत्यांचा बाजार बसला आणि २०१८ मध्ये ही कंपनीच अवसायनात गेली.

या प्रतींचा दर्जा आकड्यांत बघितला तर फरक कळतो. व्हीसीडीच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख ठिपके असतात. डीव्हीडीत चार लाखांच्या वर, ब्लू-रेमध्ये वीस लाखांच्या वर आणि ४केमध्ये ऐंशी लाखांच्या वर. जुना मराठी सिनेमा फक्त व्हीसीडी किंवा तिच्यावरून चढवलेल्या फाइलमध्ये पाहिलेल्या माणसाने ४केमधल्या चित्राचा सुमारे ऐंशीवा भागच पाहिलेला असतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पण आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओ पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे कॅसेटवर दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि गाण्यांची पट्टी किंचित वर जाते. उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांची द्वंद्वगीतं ज्यांनी फक्त कॅसेटवर ऐकली, त्यांच्या कानात बसलेला सूर मूळ सूर नसण्याची शक्यता आहे.

परदेशात हे परवडतं, मग इथे का नाही?

तिकडे संग्राहकांचा छोटा पण पक्का बाजार आहे. अमेरिकेतल्या 'समथिंग वीअर्ड व्हिडिओ'ने १९९० च्या दशकात असे विसरलेले सिनेमे कॅसेटवर विकायला सुरुवात केली. पुढे इतरांनी तेच ब्लू-रेवर केलं. ठरावीक प्रती काढायच्या, सोबत पुस्तिका, मुलाखती, जुनी पोस्टर द्यायची आणि किंमत चढी ठेवायची. गर्दीसाठी बनलेला सिनेमा शेवटी मोजक्या दर्दींच्या पैशांवर वाचतो.

आपल्याकडे डिस्कचा असा बाजार उरलेला नाही. इथे दुरुस्तीचा भार सरकार, संस्था किंवा वाहिन्यांवर येतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. पी. के. नायर यांनी तिथे अक्षरशः डबा-डबा गोळा करून संग्रह उभा केला. सिनेमा चांगला की वाईट हे आज ठरवू नये, मिळेल ते आधी वाचवावं, अशी त्यांची भूमिका होती. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. 'मंथन'सारखे सिनेमे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त करून थेट कानपर्यंत नेले.

तरी यादी करताना आधी पुरस्कारविजेते सिनेमे येतात, मग गाजलेले आणि मग बाकीचे. समाज काय बघून रडला हे पुरस्कारांच्या यादीत सापडतं. काय बघून हसला हे सहसा सापडत नाही. गिरणी कामगार, शेतमजूर, आठवडी बाजाराला आलेली माणसं पदरचे पैसे मोडून काय बघायला जात होती, याचा पुरावा 'चावट' सिनेमांच्या डब्यांत आहे.

माळ्यावर कॅसेट किंवा रीळ सापडलं तर काय करावं?

घरातली प्रत फालतू वाटली तरी लगेच फेकू नये. बीबीसीने स्वतःच पुसून टाकलेल्या 'डॉक्टर हू' मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, कारण चाहत्यांनी तो घरी टेपवर भरून ठेवला होता. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा हरवलेला सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग २००८ मध्ये थेट अर्जेंटिनात एका ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीत सापडला.

व्हिडिओ कॅसेट असेल तर:

- फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत तर जातेच, यंत्रही खराब होतं.
- कॅसेट उभी ठेवावी. स्पीकर, मोटर अशा चुंबक असलेल्या वस्तूंपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी.
- कॅसेटच्या मागची छोटी प्लॅस्टिकची खूण तोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.
- डिजिटल प्रत करायला उशीर करू नये. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत.
- पहिली प्रत आहे तशी, कोणतेही 'सुधार' न करता काढावी. रंग आणि आवाज नंतरही नीट करता येतो. एकदा पुसलेलं परत येत नाही.

सिनेमाचं रीळ असेल तर:

- व्हिनेगरचा वास येतोय का बघावं. येत असेल तर ते बाकी रिळांपासून वेगळं, थंड, कोरड्या आणि हवा खेळत्या जागी ठेवावं. नियम कांदा चाळीचाच.
- प्रोजेक्टरवर चालवून बघण्याचा मोह टाळावा. आकसलेली फीत पहिल्याच फेरीत फाटू शकते.
- साध्या चिकटपट्टीने जोड लावू नयेत.
- १९५० च्या आधीचं रीळ असेल तर ते नायट्रेटचं असू शकतं. आग, दिवा, विडी-सिगारेट यांपासून लांब ठेवावं आणि जाणकारांना लगेच कळवावं.
- पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. रीळ त्यांच्याकडे जतनासाठी दिलं म्हणून सिनेमाचा हक्क बदलत नाही.

थोडक्यात

जुना चावट विनोदी सिनेमा दुरुस्त करणं म्हणजे त्यातल्या प्रत्येक विनोदाला शाबासकी देणं नव्हे. तो चांगला होता की वाईट, यावर पुढची माणसं वाद घालू शकतील, एवढ्यापुरता तो शिल्लक ठेवणं आहे. त्यासाठी मूळ फीत लागते, तिच्यासाठी थंड आणि कोरडी जागा लागते आणि हे सगळं वेळेत व्हावं लागतं.

विंचूरचा शेतकरी कांदा चाळीत भरताना तो कोणत्या दराने जाईल हे जाणत नसतो. तरी तो नीट रचतो, वारा खेळता ठेवतो, सडका कांदा वेळेवर बाजूला काढतो. भाव नंतर ठरतो. पण त्यासाठी आधी माल टिकावा लागतो.